पाटीच्या आधींचे पाठ

मूल तीन वर्षांचें झालें म्हणजे त्याच्या शिक्षणाविषयीं दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, “अजून लहान आहे, त्याला काय समजतें? शाळेंत गेल्यावर मास्तर शिकवतील.” दुसरे म्हणतात, “शेजारच्या मुलाला शंभरापर्यंत आंकडे पाठ येतात, आमच्यालाहि आले पाहिजेत,” आणि त्या बाळाच्या हातीं पाटी देऊन त्यास कोपऱ्यांत बसवितात. पहिल्या घरीं मूल तसेंच वाढतें; दुसऱ्या घरीं तें पाटी पाहतांच रडूं लागतें. लेंकरावर प्रेम दोन्ही घरांत आहे. परंतु तीन ते सहा या वर्षांचे स्वतःचे असे पाठ आहेत व ते पाटीवरचे नाहींत, ही गोष्ट दोन्हीकडे ध्यानांत आलेली नसते.

त्या पाठांचा विचार या लेखांत करावयाचा आहे. ज्या आईस लिहितां-वाचतां येत नाहीं तिनें हा लेख दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा. कारण तो विशेषेंकरून तिच्यासाठींच आहे.

अक्षराच्या आधीं काय?

अक्षर म्हणजे एक खूण. ‘प’ ही खूण शिकावयाची तर चार गोष्टी आधीं तयार पाहिजेत. ‘प’ आणि ‘ब’ या उच्चारांतील भेद कानास कळला पाहिजे. ‘प’ आणि ‘ष’ यांच्या आकारांतील फरक डोळ्यांस दिसला पाहिजे. बोटांना वळण घेतां आलें पाहिजे. आणि मुख्य गोष्ट ही कीं, पाणी, पान, पळी, परात असे पुष्कळ शब्द अर्थासह मुलाच्या जिभेवर असले पाहिजेत. नाहीं तर ती खूण कशाची, हें त्यास समजणार नाहीं.

कान, डोळे, हात व जीभ या चारांची मशागत न होतां जें मूल शाळेंत जातें तें मागें पडतें आणि लोक त्यास ‘मठ्ठ’ म्हणतात. पुढें तें स्वतःहि तसेंच मानूं लागतें. दोष बहुधा त्याच्या बुद्धीचा नसतो. नांगरणीच्या आधीं पेरणी झालेली असते. ही नांगरणी करण्यास आईबापांना अक्षरओळख लागत नाहीं, बोलतां आलें म्हणजे पुरे.

भारत सरकारच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत असें म्हटलें आहे कीं, मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वीं होतो. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा मात्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आहे. सहाच्या आधींचा काळ हा अंगणवाडीचा आणि घराचा होय.

हा विचार कोठून आला?

जर्मनींत फ्रीडरिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनीं १८३७ सालीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढली व पुढें तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान असें नांव दिलें. खेळ हेंच बालकाचें खरें काम, असें त्यांचें सांगणें होतें. इटलींत डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहराच्या एका गरीब वस्तींत बालगृह उघडलें आणि मुलाचा हात व इंद्रियें यांच्या द्वारें त्याची बुद्धि कशी जागी होते तें दाखविलें. आपल्याकडे भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं हा विचार महाराष्ट्राच्या खेड्यांत नेला.

ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालकांसाठीं काम आरंभिलें. तेथें अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येत नाहींत, असा अनुभव त्यांस आला. तेव्हां मुलें शाळेकडे येत नाहींत तर शाळा मुलांकडे न्यावी, असें ठरवून त्यांनीं वस्तींतील अंगणांतच वर्ग भरविले. त्यावरून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. महागड्या साधनांच्या जागीं त्यांनीं शिंपले, बिया, पानें व खडे वापरले. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. आणि १९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हां गांवोगांवच्या केंद्रांस हेंच नांव मिळालें. जी शाळा अंगणापर्यंत आली ती एक पायरी चढून स्वयंपाकघरांत येण्यास कांहीं अडचण नाहीं. अंगणवाडींत मुलास रोज पाठवावेंच. परंतु दिवसाचे उरलेले तास घराच्या हातीं आहेत.

पाठ पहिला : जीभ व कान

काम करतां करतां मुलाशीं बोलावें. “तें आण, इकडे ठेव” एवढें बोलून थांबूं नये. “मोठें पातेलें चुलीजवळ ठेव, झाकणी वर घाल” असें म्हणावें. पहिल्या वाक्यांत मुलास एकहि नवा शब्द मिळत नाहीं. दुसऱ्यांत चार मिळतात. मुलानें विचारलें तर उत्तर द्यावें, आणि उलट त्यालाहि विचारावें : “शेळी कां ओरडते बरें?” उत्तर येण्यास वेळ लागला तर थांबावें.

घरांत अहिराणी, वारली, भिल्ली किंवा दुसरी बोली असेल तर तिची लाज धरूं नये. ज्या बोलींत आईचें मन मोकळें होतें त्याच बोलींत मुलाचा विचार वाढतो. शाळेचे शब्द तिच्या जोडीला येतील.

कानासाठीं टाळ्यांचा खेळ खेळावा. ‘पाटी’ म्हणतांना दोन टाळ्या, ‘भाकरी’ म्हणतांना तीन. हा खेळ जमला म्हणजे, “‘प’ पासून सुरू होणाऱ्या कोणत्या वस्तू घरांत आहेत?” असें विचारावें. रात्रीं निजतांना एक गोष्ट सांगावी. तीच गोष्ट मूल आठ दिवस मागेल, कंटाळूं नये. नवव्या दिवशीं मध्येंच थांबून, “पुढें काय झालें?” असें विचारावें, म्हणजे मूल स्वतः गोष्ट सांगूं लागेल.

पाठ दुसरा : डोळे

अंगणांतून कडुनिंब, पिंपळ, आंबा व चिंच यांचीं पानें आणावीं. सारखीं पानें एकत्र लावण्यास सांगावें. मग लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनें मांडण्यास सांगावें. चार पानें ठेवून मुलास डोळे मिटावयास लावावें, एक लपवावें आणि कोणतें नाहींसें झालें तें विचारावें. वाट्या एकींत एक बसविणें, झाकणें ज्याच्या त्याच्या भांड्यावर घालणें, धुतलेल्या कपड्यांतून बाबांचे व ताईचे निरनिराळे करणें, हेहि डोळ्यांचेच पाठ आहेत. पुढें ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद पाहण्यास हीच नजर उपयोगी पडते.

पाठ तिसरा : मोजणें

“एक, दोन, तीन” असें म्हणणें निराळें आणि मोजणें निराळें. शंभरापर्यंत म्हणणारें मूल पुष्कळदां सहा चिंचोके बरोबर मोजीत नाहीं. यास्तव जेवणाच्या वेळीं ताटें त्याजकडून मांडवावीं : बाबांचें एक, आजीचें एक, ताईचें एक. मोजून झाल्यावर, “मग सगळीं किती?” असें विचारावें. मूल पुन्हा पहिल्यापासून मोजूं लागलें तर शेवटचा आंकडा हाच एकंदर संख्या सांगतो, हें त्यास अजून समजलें नाहीं असें जाणावें. रागावूं नये, उद्यां पुन्हा ताटें मांडावींच लागणार आहेत.

आणखी एक मौज पाहावी. सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडाव्या आणि एक ओळ पसरून लांब करावी. चार वर्षांचें मूल बहुधा म्हणतें कीं लांब ओळींत जास्त आहेत. स्वित्झर्लंडचे संशोधक जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनीं दाखविलें कीं, ही त्या वयाच्या विचाराची रीतच आहे, हट्ट किंवा मूर्खपणा नव्हे. तें मूल पुढें आपोआप सुधारतें. मार देऊन ही समज लवकर येत नाहीं.

पाठ चौथा : हात

लहान मुलाच्या मनगटाचीं हाडें पूर्ण तयार झालेलीं नसतात, म्हणून पेन्सिलीची बारीक रेघ त्यास जड जाते. त्याआधीं बोटांस बळ आलें पाहिजे. कणकेचा गोळा मळणें, मातीचे बैल करणें, वाटाण्याच्या शेंगा सोलणें, एका तांब्यांतून दुसऱ्यांत पाणी न सांडतां ओतणें, सदऱ्याच्या गुंड्या लावणें, हीं कामें मुलास आवडतात व हातास वळण लावतात. ताटांत बारीक वाळू पसरून तींत बोटानें आडव्या, उभ्या व वाटोळ्या रेघा काढूं द्याव्या. पाणी सांडलें तर ओरडूं नये. फडकें देऊन पुसावयास शिकवावें, म्हणजे तोहि पाठच झाला.

दिवसाची वांटणी

शेतावर जाणाऱ्या आईस स्वतंत्र वेळ कोठून मिळणार? तो लागतच नाहीं. सकाळीं पाणी भरतांना शब्द, जेवतांना मोजणी, संध्याकाळीं अंगणांत पानें किंवा माती, निजतांना गोष्ट. प्रत्येकास दहा मिनिटें पुरेत. मुलाचें लक्ष उडालें कीं पाठ थांबवावा. बापानेंहि यांतील एक पाठ आपल्याकडे घ्यावा.

बाकीच्या वेळीं मुलास धांवूं द्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिलेल्या सूचनांप्रमाणें तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसांतून निदान तीन तास हालचाल व दहा ते तेरा तास झोंप व्हावी, आणि मोबाईल किंवा दूरदर्शनसमोर बसणें एका तासाहून अधिक नसावें. जितकें कमी तितकें बरें. रडणें थांबविण्यासाठीं मोबाईल हातीं देणें सोपें आहे. पण मूल ज्या प्रश्नांनीं बोलावयास शिकतें ते प्रश्न तो त्याला विचारीत नाहीं.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. चिंचोके, हरभरे व शेंगदाणे यांचा खेळ मोठें माणूस जवळ असतांनाच खेळावा, आणि धाकटें भावंड तेथें नसावें. शेंगदाणा श्वासनलिकेंत अडकूं शकतो. नाकांत गेलेला हरभरा ओलाव्यानें फुगतो. असें झाल्यास घरीं कोरून काढण्याचा यत्न न करतां ताबडतोब डॉक्टरांकडे जावें. तसेंच तीन वर्षें होऊनहि मूल दोन-तीन शब्दांचीं वाक्यें बोलत नसेल, किंवा मागून हांक मारली असतां वळून पाहत नसेल, तर “पुढें बोलेल” म्हणून वाट पाहूं नये. आरोग्य केंद्रांत नेऊन त्याचे कान तपासून घ्यावे.

अक्षरें केव्हां?

पांचव्या वर्षाच्या सुमारास मूल आपण होऊन, “येथें काय लिहिलें आहे?” असें विचारूं लागतें. तीच वेळ. आरंभ त्याच्या स्वतःच्या नांवापासून करावा. मग ग, म, भ, न अशीं सोप्या व मिळत्या वळणाचीं अक्षरें घ्यावीं. आधीं वाळूंत बोटानें, मग पाटीवर. आईस अक्षर येत नसेल तर थोरल्या भावंडानें दाखवावें, आणि आईनेंहि त्याच वाळूंत बोट फिरवावें. मुलास त्याची लाज वाटत नाहीं, उलट आनंद होतो.

गांवोगांवच्या उपदेशक बंधूंनीं व त्यांच्या पत्नींनीं हे चार पाठ एखाद्या घरच्या ओट्यावर पांच-सहा आयांस प्रत्यक्ष करून दाखवावे. व्याख्यान देण्यापेक्षां एक ताटभर वाळू व मूठभर पानें नेलेलीं बरीं.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं मुलाशीं दिवसांतून किती वेळ बोलणें होतें, आणि त्यांत नुसते हुकूम किती असतात?
२. म्हणणें व मोजणें यांत भेद काय? आपलें मूल सहा वस्तू मोजून देतें काय?
३. घरांतील कोणतीं तीन कामें उद्यांपासून मुलाच्या हातीं देतां येतील?
४. आपल्या वस्तींतील कोणत्या मुलास ‘मठ्ठ’ म्हटलें जातें? त्यास वरील चार पाठ कोणी दिले होते काय?