चुंबकीय पटलांचे मोजमाप : मराठवाड्यातील अभ्यासकांसाठी एक पाठ

सातबाराचा उतारा, परीक्षेचा निकाल, रुग्णालयातील नोंद या सर्व गोष्टी आज संगणकात साठविल्या जातात. मोठ्या माहिती केंद्रांत या साठवणीचा फार मोठा भाग चुंबकीय तबकड्यांवर होतो. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा तबकड्यांवर आयर्न ऑक्साइडचा लेप असे. पुढे त्याची जागा कोबाल्टच्या मिश्रधातूच्या अतिशय पातळ पटलाने घेतली. या पटलाची जाडी साधारणपणे १० ते २० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय.

अशा पटलाचे चुंबकत्व मोजणे हा भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील महत्त्वाचा विषय आहे. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात, तसेच लातूर जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या मोजमापातील एक बारकावा प्रथमपासून ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तो असा की, उपकरण जे दाखविते ते सर्वच पटलाचे नसते.

काय मोजावयाचे?

पटलावर बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून ते वाढवीत नेले, की पटल संपृक्त होते. क्षेत्र शून्यावर आणले तरी काही चुंबकत्व शिल्लक राहते. हीच ती साठविलेली नोंद. ही नोंद पुसण्यासाठी उलट दिशेने जेवढे क्षेत्र लावावे लागते, त्यास कोअर्सिव्हिटी म्हणतात. क्षेत्र दोन्ही दिशांना फिरविले असता जो बंद वळसा मिळतो, तो हिस्टेरेसिस वक्र होय. कोअर्सिव्हिटी फार कमी असल्यास नोंद टिकत नाही. फार जास्त असल्यास ती लिहिताच येत नाही.

मोजमापाचे एक प्रचलित साधन म्हणजे कंपन नमुना चुंबकत्वमापक. अमेरिकन शास्त्रज्ञ सायमन फोनर यांनी ते १९५० च्या दशकात विकसित केले. नमुना एका दांडीच्या टोकाला बसवून चुंबकीय क्षेत्रात वेगाने कंपित करतात. शेजारच्या वेटोळ्यांत त्यामुळे विद्युत् दाब निर्माण होतो आणि त्यावरून नमुन्याचे चुंबकत्व कळते. नमुना पटलाच्या प्रतलात आणि त्यास लंब अशा दोन्ही दिशांनी मोजावा लागतो. कारण २००५ पासून बाजारात आलेल्या तबकड्यांत नोंदी लंब दिशेने लिहिल्या जातात.

अडचण कोठे आहे?

पाच मिलिमीटर लांब व तितक्याच रुंद सिलिकॉनच्या तुकड्यावर १० नॅनोमीटर जाडीचे कोबाल्टचे पटल आहे असे समजू. या पटलाचे वजन अवघे दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. खालचा सिलिकॉन अर्ध्या मिलिमीटर जाडीचा असेल, तर तो पटलाहून ५०,००० पट जाड ठरतो. सिलिकॉन प्रतिचुंबकीय असल्याने एक टेस्ला क्षेत्रात तो पटलाच्या सुमारे एक दशांश इतका उलटा संकेत देतो. हा भाग क्षेत्राच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो. म्हणून संपृक्ततेनंतरच्या रेषेचा उतार काढून तो वजा करता येतो.

मळाचे मात्र तसे नाही. केवळ १.६ मायक्रोग्रॅम लोखंड, म्हणजे ०.०६ मिलिमीटर बाजूचा कण, संपूर्ण पटलाइतकाच संकेत देतो आणि त्याचाही हिस्टेरेसिस वक्र असतो. तो वजा करण्याचे सूत्र नाही. २००४ साली आयर्लंडमधील संशोधकांनी हाफ्नियम ऑक्साइडच्या पटलांत चुंबकत्व आढळल्याचे प्रसिद्ध केले. २००५ साली आय.बी.एम.च्या संशोधकांनी दाखविले की, स्वच्छ पटलांत असे चुंबकत्व मिळत नाही. परंतु स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या नमुन्यांत तसाच संकेत मिळतो.

काळ्या मातीचा प्रश्न

नांदेड व लातूर जिल्ह्यांचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या वेधनछिद्रात हा थर सुमारे ३४० मीटर जाडीचा आढळला. बेसाल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण असतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यांनी पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा नोंदविली आणि ती आजही वाचता येते. नदीच्या वाळूतून लोहचुंबक फिरविल्यास त्यास चिकटणारे काळे कण याच जातीचे. बेसाल्टपासूनच बनलेल्या मातीची धूळ नमुन्याच्या कडेला बसली, तर पटलाच्या वक्रात खडकाचा वक्र मिसळू शकतो.

दक्षता

यावर उपाय साधे आहेत. नमुना प्लॅस्टिकच्या चिमट्यानेच उचलावा. काचेच्या वा सिलिकॉनच्या कडा कापल्यानंतर धुवाव्यात. ज्यावर पटल चढविलेले नाही असा त्याच आकाराचा तुकडा सर्व प्रक्रियांतून नेऊन प्रथम मोजावा. नमुना पुन्हा स्वच्छ करून दुसऱ्यांदा मोजावा. संकेत घटल्यास तो मळाचा होता असे समजावे. नमुने मुंबई किंवा इंदूरसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत पाठवावयाचे असल्यास ते बंद डबीत द्यावेत आणि कोरा तुकडाही सोबत जोडावा.

शक्य तेथे केर परिणामाचा पडताळा घ्यावा. चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित होताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किंचित वळते, हे स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन केर यांनी १८७७ साली मांडले. धातूच्या पटलात प्रकाश काही दहा नॅनोमीटरच शिरतो, म्हणून कडेची धूळ या मापनात येत नाही. या पद्धतीने चुंबकत्वाचे निरपेक्ष मूल्य सहजी मिळत नाही, तथापि कोअर्सिव्हिटी अचूक मिळते. दोन्ही पद्धतींची कोअर्सिव्हिटी जुळली, तरच तो आकडा प्रबंधात पटलाच्या नावावर लिहावा.