डोअर क्लोजर घेताय? आधी दार मोजा

बुलढाणा जिल्ह्यात दार आपोआप लागण्याची गरज दोन कारणांनी पडते. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. कुणी दार उघडं टाकून गेलं की एसीची थंडी गेली आणि धूळ आत आली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणारकडे वाऱ्याचा त्रास जास्त. दार आपटतं, काच तडकते, लेकरांची बोटं चौकटीत सापडतात. दोन्हींवर उपाय एकच, डोअर क्लोजर.

दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "कितीला?" दुकानदार तीन डबे समोर ठेवतो, आपण मधला उचलतो. सहा महिन्यांनी दार अर्धवट उघडं राहतं नाहीतर धाडकन आपटतं आणि दोष कंपनीला जातो. खरं तर बहुतेक वेळा वस्तू चांगली असते, पण त्या दारासाठी ती नसते. म्हणून किंमत विचारण्याआधी दाराची रुंदी, दाराचं वजन आणि दिवसभराची वर्दळ या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या.

रुंदी आणि वजन

रुंदी म्हणजे फक्त पल्ल्याची रुंदी, चौकट धरायची नाही. वजनासाठी दार उतरवायची गरज नाही. सात बाय तीन फुटांचं, 32 मिलिमीटर जाडीचं फ्लश डोअर साधारण 30 ते 40 किलो भरतं. सागवानी पॅनेलचं दार त्याहून जड असतं. काचेचं वजन घरीच काढता येतं. काचेचे चौरस फूट गुणिले जाडीचे मिलिमीटर गुणिले 0.23, की उत्तर किलोत मिळतं. सात बाय तीन फुटांची 12 मिलिमीटरची टफन काच म्हणजे 21 गुणिले 12 गुणिले 0.23, साधारण 58 किलो.

आता डब्यावरचा आकडा पाहा. चांगल्या क्लोजरवर 'साइज' किंवा 'ईएन' आणि पुढे 2, 3, 4 असा अंक असतो. ईएन 1154 या युरोपीय मानकाची ती वर्गवारी आहे:

- साइज 2: 850 मिलिमीटर रुंदी, 40 किलोपर्यंत. अडीच फुटी दाराला पुरतो.
- साइज 3: 950 मिलिमीटर, 60 किलोपर्यंत. आपल्याकडची बहुतेक तीन फुटी दारं यात बसतात.
- साइज 4: 1100 मिलिमीटर, 80 किलोपर्यंत. साडेतीन फुटी दारासाठी.
- साइज 5: 1250 मिलिमीटर, 100 किलोपर्यंत. चार फुटी दारासाठी.

रुंदी एका साइजमध्ये आणि वजन दुसऱ्यात येत असेल तर मोठा साइज घ्या. दार थेट रस्त्यावर किंवा मोकळ्या मैदानाकडे उघडत असेल, वारा सरळ अंगावर येत असेल, तर एक साइज वरचा घ्या. घरात म्हातारी माणसं असतील तर मात्र उगाच मोठा साइज नको, कारण दार ढकलतानाच त्यांचा हात दुखतो. अशा घरात '2-4' असा ताकद कमी-जास्त करता येणारा क्लोजर थोडा महाग पडला तरी घ्यावा.

भारतीय मानकही आहे. दाराच्या वर बसणाऱ्या हायड्रॉलिक क्लोजरसाठी आयएस 3564 आणि जमिनीत बसणाऱ्या फ्लोअर स्प्रिंगसाठी आयएस 6315. डब्यावर यांपैकी कुठलंच मानक नसेल आणि नुसतं 'हेवी ड्यूटी' छापलेलं असेल, तर त्या शब्दाला काही अर्थ नाही.

वर्दळ

ईएन 1154 च्या चाचणीत क्लोजर 5 लाख वेळा उघड-मीट सहन करतो. घरच्या खोलीचं दार दिवसातून 30 वेळा उघडलं तर वर्षाला 11 हजार होतात. तिथे हा आकडा कधी गाठलाच जाणार नाही, त्याआधी आतलं रबरी सील म्हातारं होईल. डॉक्टरांच्या ओपीडीचं किंवा शेगावातल्या गर्दीच्या लॉजचं दार दिवसाला 300 वेळा उघडलं, तर वर्षाला लाखाच्या वर जातात आणि साडेचार वर्षांत 5 लाख पूर्ण होतात. चाचणी न झालेला स्वस्त क्लोजर तिथे वर्षभर टिकला तरी पुष्कळ. घरी मध्यम दर्जा चालतो, वर्दळीच्या दाराला पैसे वाचवू नका.

प्रकार आणि किंमत

खालचे दर साधारण किरकोळ बाजाराचे आहेत. ब्रँड, गाव आणि घासाघीस यांनुसार पुढे-मागे होतील.

*स्प्रिंगची बिजागरी*, जोडी 300 ते 600 रुपये. हलक्या दाराला, न्हाणीघराला किंवा जाळीच्या दाराला ठीक. वेग आवरता येत नाही, म्हणून दार आपटतं.

*नळीचा क्लोजर*, 500 ते 900 रुपये. जाळीचं किंवा हलक्या ॲल्युमिनियम सेक्शनचं दार असेल तरच. फ्लश डोअरला लावू नका.

*वर बसणारा हायड्रॉलिक क्लोजर*, 900 ते 3,500 रुपये. जिल्ह्यातल्या दहापैकी आठ गरजा यात भागतात. आत दणकट स्प्रिंग, पिस्टन आणि तेल असतं. दार उघडताना स्प्रिंग दाबली जाते, लागताना तेल बारीक वाटेनं सरकतं आणि दार हळू येतं. यात दोन व्हॉल्व्ह हवेतच. एक दाराच्या मुख्य वेगाचा, दुसरा शेवटच्या वितभर अंतराचा, जिथे लॅच बसतो. एकाच व्हॉल्व्हचा क्लोजर दोनशे-तीनशे रुपयांनी स्वस्त मिळतो, पण त्यात दार एकतर आपटतं नाहीतर लॅचपाशी अडतं. वाऱ्याच्या जागी तिसरा, 'बॅकचेक'चा व्हॉल्व्ह घ्या. जोरात उघडलेलं दार तो भिंतीवर आदळू देत नाही.

*फ्लोअर स्प्रिंग*, 2,500 ते 5,500 रुपये, परदेशी बनावटीचे त्याहून बरेच महाग. दुकानाच्या बिनचौकटीच्या काचेच्या दाराला हाच लागतो. वर-खाली काच धरणाऱ्या पॅचचे 1,500 ते 2,500 रुपये वेगळे.

*सेन्सरचं सरकतं दार*, साधारण 70 हजारांपासून दीड लाखापर्यंत. मोठं हॉस्पिटल किंवा शोरूम असेल तरच विचार करा. वीज गेल्यावर दार हातानं उघडतं का आणि बॅटरी बॅकअप किती, हे लेखी घ्या. वर्षाच्या देखभालीचा खर्च धरूनच हिशेब करा.

एकूण खर्च किती?

घरातली किंवा दवाखान्यातली खोली, तीन फुटी फ्लश डोअर: दोन व्हॉल्व्हचा साइज 3 क्लोजर 1,500 ते 2,200 आणि सुताराची मजुरी 200 ते 400. एकूण 1,700 ते 2,600 रुपये.

दुकानाचं 12 मिलिमीटर काचेचं एकपाखी दार: फ्लोअर स्प्रिंग 3,000 ते 5,000, पॅच 1,500 ते 2,500, खड्डा खणून बसवण्याची मजुरी 1,000 ते 1,500. एकूण 5,500 ते 9,000 रुपये. काच, हँडल आणि कुलूप वेगळं.

न्हाणीघर: बिजागरी आणि मजुरी मिळून 450 ते 800 रुपये.

काचेच्या दाराबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काच एकदा टफन झाली की तिला छिद्र पाडता येत नाही, कापता येत नाही. पॅचची खाच आणि कुलपाचं छिद्र टफन करण्याआधीच व्हावं लागतं. म्हणून फ्लोअर स्प्रिंग आणि पॅचचं मॉडेल आधी ठरवा, काचेची ऑर्डर नंतर द्या. क्रम उलटा झाला तर काच वाया जाते.

बसवण्याआधी दार दुरुस्त करा

वाकलेली बिजागरी, पावसाळ्यात फुगून चौकटीला घासणारं लाकूड किंवा सरकलेलं लॅचचं घर, यांतलं काहीही क्लोजरनं नीट होत नाही. क्लोजरशिवाय दार एका बोटानं सहज लागत असेल तरच पुढचं काम काढा.

डब्यात मापाचा कागद असतो, तो फेकू नका. सुतार "अंदाज आहे" म्हणाला तरी कागद दाराच्या वरच्या कडेला आणि चौकटीला चिकटवायला लावा, चारही खुणा सुईनं टोचून घ्या आणि मगच ड्रिल मारा. स्क्रूपेक्षा बारीक बिटनं आधी छिद्र पाडलं तर लाकूड फाटत नाही. आतून पोकळ असलेल्या दाराला साधा स्क्रू धरत नाही, तिथे आरपार बोल्ट लागतो. पीव्हीसीच्या दाराला हायड्रॉलिक क्लोजर लावूच नका.

क्लोजरची डबी आतल्या बाजूला, पावसा-धुळीपासून लांब ठेवा. दार जिकडे ओढून उघडतं त्या बाजूला बसवली तर ताकद पूर्ण मिळते. ढकलायच्या बाजूला समांतर आर्म लावला तर ताकद घटते, म्हणून साइज वरचा लागतो. नेहमीच्या बसवणुकीत दार बंद असताना पुढचा आर्म चौकटीला काटकोनात यायला हवा.

फ्लोअर स्प्रिंगच्या खड्ड्यात पाणी हा मोठा शत्रू. रोज सकाळी पायरी धुण्याची आपली सवय असते. खड्ड्याच्या कडा नीट सील करून घ्या आणि झाकणाच्या फटीत पाणी मुरत नाही याची खात्री करा.

वेग जुळवणं

इथे मिस्त्री सर्वांत जास्त घाई करतो. पैसे देण्याआधी दार 90 अंशांपर्यंत उघडा आणि सोडा. पाच ते सात सेकंदांत ते शांतपणे यावं आणि शेवटी लॅच 'टक्' करून बसावा. अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमावलीत दाराला 90 वरून 12 अंशांपर्यंत यायला किमान 5 सेकंद हवेत, असं सांगितलं आहे. काठी टेकत येणाऱ्या माणसासाठी आपणही तेवढा वेळ ठेवावा.

व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की वेग कमी होतो, डावीकडे फिरवला की वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी दार सोडून पाहा. व्हॉल्व्ह पूर्ण बाहेर काढला तर तेल उडतं आणि क्लोजर तिथेच संपतो.

उन्हाळ्यात तेल पातळ होतं आणि दार वेगानं लागतं, थंडीत तेल घट्ट होऊन दार रेंगाळतं. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुरुवातीला आणि डिसेंबरात, व्हॉल्व्ह पाव फेरा जुळवून घ्यावा. हे काम घरच्या स्क्रू ड्रायव्हरनं किंवा ॲलन कीनं दोन मिनिटांत होतं. डबीखाली दारावर तेलाचा ओघळ दिसला तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नका, क्लोजर बदला.

दार उघडंच धरून ठेवणारा 'होल्ड ओपन' आर्म दुकानाला सोयीचा असतो. जिन्याच्या किंवा आगीपासून बचावाच्या दाराला तो कधीही लावू नका. आग लागली तर ते दार आपोआप बंद होणं हेच त्याचं काम असतं.

बिल आणि तक्रार

एमआरपीत सगळे कर आलेले असतात. "एमआरपीवर जीएसटी वेगळा" असं कुणी म्हटलं तर देऊ नका. पक्क्या बिलावर मॉडेल, साइज आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. वॉरंटी कंपनीची की दुकानदाराची, हेही विचारा. मजुरीची पावती वेगळी घ्या, कारण पुढे दोष वस्तूचा की बसवणुकीचा हा वाद होतो.

दाद मिळाली नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानंतर बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दीड हजाराच्या वस्तूसाठी कोण जातंय, असा विचार करू नका. बिल हातात असेल तर बरीच प्रकरणं दुकानातच मिटतात.

थोडक्यात, साध्या तीन फुटी दारासाठी मानकाचा अंक छापलेला, दोन व्हॉल्व्हचा, साइज 3 क्लोजर घ्या आणि मजुरीसह अडीच हजार हाताशी ठेवा. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर हा खर्च पुढे ढकलू नका.