पोटखराबा

पुरंदर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीपैकी दोन एकरांचा जो तुकडा सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेला आहे, त्याचा उद्धार करण्याची दुर्बुद्धी मला झाली. महसुली दप्तराने जो माळ खराब ठरविला, त्यावर कुसळी, पवना, मारवेल, शेडा आणि त्यांच्या आडोशाने रानतूर, रानमूग सुखाने नांदत होते, हे मला ते सारे नाहीसे झाल्यावर कळले. मी नांगर घातला आणि बाजारातून आणलेले दीनानाथ गवताचे बी विखुरले. पहिल्या पावसाळ्यात ते असे माजले की, चार इसमांना मी ते साभिमान दाखविले. परंतु ते पडले वर्षायू, दिवाळीनंतर वाळले, आणि माती धरून ठेवणारे जुने बहुवर्षायू ठोंब नांगराने आधीच उपटले गेल्यामुळे होळीच्या सुमारास माळ उघडा पडला. मेंढरे घेऊन दरसाल येणारा धनगर एवढेच म्हणाला, “दादा, नांगुर घातला तवाच रान गेलं.”

सुदैवाने बांधालगत, फाळ न पोचलेली हातभर पट्टी शिल्लक होती. पुढचे सर्व बी तिचे आणि शेजारच्या टेकडीचे. तेथेही मी घाई केलीच: दसऱ्याला हिरवे तुरे ओरबाडून प्लॅस्टिकच्या गोणीत कोंबले आणि त्यांवर बुरशी पिकविली. एकाच तुऱ्यातील काही दाणे झडून गेलेले असतात, तेव्हा काही कोवळेच असतात. सबब आश्विन-कार्तिकात चार-पाच खेपा कराव्या, चिमटीत चुरडून आत दाणा लागतो की नुसताच कोंडा हे पाहावे, आणि अनेक ठिकाणांहून थोडथोडे घेऊन बाकीचे मूळ जागी झडू द्यावे. ताजे बी बहुधा रुजत नाही. त्याची सुप्तावस्था सरेपर्यंत, म्हणजे पुढच्या मृगापर्यंत, ते सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे. पेरताना जमीन केवळ दाताळ्याने खरवडावी. कुसळीचे कूस ओलाव्याने पीळ सोडीत स्वतःच मातीत शिरते. मारवेलीचे हलके बी खोल पुरले तर गेलेच.

पहिल्या वर्षी फारसे काही दिसत नाही, कारण ही गवते आधी मुळे धरतात. तोवर चराईची मनाई असावी, आणि पुढेही कापणी बी झडल्यावरच. दीनानाथ मात्र तुरा येण्यापूर्वी हाताने उपटावे लागते. मी गेले चार पावसाळे तेच करीत आहे.