उन्हावर चालणारे इंजिन आणि ओले गोणपाट

मे महिन्यात जळगाव किंवा धुळ्याच्या हॉस्टेलच्या गच्चीवर दुपारी अनवाणी जाऊन बघा, म्हणजे सौरऊर्जेचा धडा वेगळा वाचावा लागणार नाही. एवढे ऊन फुकट आहे, तर त्यावर छोटेसे इंजिन चालेल का? चालेल. पण आपल्याकडे अडचण उष्णतेची नाहीच, अडचण थंडाव्याची आहे!

महाराष्ट्रात हा उद्योग जुना आहे. 1878 च्या सुमारास विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत कुलाब्याला सपाट आरशांची रांग लावून बॉयलर तापवला आणि सुमारे अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. आपण मात्र वाफेच्या नादी लागू नये. घरगुती बॉयलर फुटला तर मग सरांकडे नाही, दवाखान्यातच जावे लागेल. त्यापेक्षा 1816 साली रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याने पेटंट घेतलेले हवेचे इंजिन बरे. त्यात साधी हवाच असते आणि दाबही फार चढत नाही.

रचना बघा. एक चपटा गोल डबा, वरचा पत्रा काळा, खालचा थंड. आत हलकी सैल चकती वरखाली होते, तिला डिस्प्लेसर म्हणतात. ती खाली गेली की हवा वरच्या तापलेल्या पत्र्याकडे जाते, फुगते आणि बाजूच्या नळीवर ताणून बांधलेल्या फुग्याच्या रबराला ढकलते. चकती वर गेली की हवा थंड होऊन रबर आत ओढले जाते. दोघांचे क्रँक एकमेकांशी 90 अंशांत ठेवायचे. फ्लायव्हीलला दोन जुन्या सीडी, दांड्याला सायकलचा स्पोक. डब्याची बाजू पत्र्याची नको, प्लॅस्टिकची घ्या, नाहीतर उष्णता भिंतीतूनच खाली पळते. चकती थर्माकोलची करू नका, 80 अंशांच्या आसपास ते मऊ पडते. खोक्याचा हलका पुठ्ठा चालतो. रबराची नळी सावलीत राहील अशी बाहेर काढा.

आता हिशोब. काळा पत्रा 80 अंश, म्हणजे 353 केल्विन धरू. बाहेरची हवाच 42-43 अंश, त्यामुळे खालचा पत्रा सावलीत ठेवला तरी 45 अंश, म्हणजे 318 केल्विन. कार्नोच्या सूत्राने जास्तीत जास्त कार्यक्षमता 1 − 318/353, जेमतेम 10 टक्के. इंजिन उष्णतेवर चालत नाही हो, फरकावर चालते! साक्री तालुक्यातला महाजनकोचा 125 मेगावॉटचा प्रकल्प 2013 पासून आहे. तिथे इंजिन नाही, पॅनेल आहेत, पण त्यांनाही ताप सोसवत नाही. पॅनेल 25 अंशांच्या वर तापले की दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते.

यावरचा उपाय आपल्या घरोघरी आहे: माठ आणि कूलर. खान्देशातला उन्हाळा कोरडा. हवा 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर 22 च्या आसपास दाखवतो. म्हणून खालच्या पत्र्याला ओले गोणपाट चिकटवा, त्याची टोके पाण्याच्या परातीत सोडा आणि खालून वारा खेळू द्या. पत्रा 27 अंशांवर आला तर 1 − 300/353, म्हणजे 15 टक्के. गोणपाटाशिवाय एवढेच मिळवायला वरचा पत्रा 101 अंशांवर न्यावा लागेल, आणि तेव्हा आरसे आले, सूर्यामागे फिरवणे आले.

पाण्याची काळजी नको, आपल्याकडे ती आधी वाटतेच. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल घेते. एक फूट व्यासाच्या डब्यातून 40 वॅट उष्णता खाली उतरली, तर ती शोषायला तासाला 60 मिलिलिटर पुरतात. कोरडा वारा थेट गोणपाटाला लागून थोडे जास्त जाईल, तरी दुपारभरात तांब्या-दोन तांबे.

शक्ती किती? मनात मोठे चित्र असेल तर पुसा. कार्नोचा आकडा फक्त वरची मर्यादा सांगतो. असे इंजिन सेकंदाला एक फेरा घेत असेल तर वॅटच्या काही शतांशांवर जात नाही. पंखा फिरणार नाही, मोबाईल चार्ज होणार नाही. पण थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम गच्चीवर डोळ्यांसमोर फिरताना दिसेल. आणि हे सगळे मेमध्येच उरका. जूनमध्ये पाऊस लागला की हवा दमट होते, गोणपाट ओले असूनही थंड होत नाही, आणि वर ढग.