कोलकात्यातील एक शैवाक : पिक्सिनी

शैवाक ही एकच वनस्पती नसून कवक व शैवल यांचे ते सहजीवन होय. त्याला दिलेले नाव मात्र कवकाचे असते. मसाल्यातील दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. झाडांच्या खोडांना घट्ट चिकटलेल्या करड्या चकत्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील शुष्क वनस्पतिसंग्रह सांभाळणारे सुल्पिट्स कुर्त्स यांनी कलकत्ता परिसरातून जमविलेल्या शैवाकांची वर्णने विल्यम नायलँडर यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केली. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांनी शैवाकावर दाहक पालाशाचा किंवा विरंजक चूर्णाच्या द्रावणाचा थेंब टाकून रंगबदल पाहण्याची रीत सुरू केली होती.

येथील खोडांवर पिक्सिनी आणि डिरिनारिया या दोन प्रजाती आढळतात व नवशिक्याची हमखास फसगत करतात. दोन्ही करड्या, दोन्ही गोलसर. भिंगाखाली चकतीची कड अलगद उचलून पाहिल्यास पिक्सिनीच्या खालच्या बाजूस काळी मूलिका दिसतात. डिरिनारियात ती नसतात. पालाशाच्या थेंबाने डिरिनारियाचा पृष्ठभाग पिवळा पडतो. पिक्सिनी कोकोईस या जातीवर तसा परिणाम होत नाही. परंतु अंधारात जंबुपार किरण टाकले की तिचा पृष्ठभाग पिवळा चमकतो, कारण त्यात लायकेक्झँथोन हे द्रव्य असते. नायलँडर यांना हे साधन उपलब्ध नव्हते.

प्रजाती ठरली म्हणजे काम संपले असे नाही. पिक्सिनी पेट्रिकोला हीदेखील अशीच चमकते. भेद असा, की कोकोईसच्या अंगावर पिठासारख्या कणांचे पुंजके असतात व त्यांतून तिचा प्रसार होतो. पेट्रिकोलावर ते नसतात, काळी बीजाणुफळे असतात. केवळ चमक पाहून नाव देणे म्हणूनच घाईचे ठरते.

या काटेकोरपणाला व्यावहारिक कारणही आहे. पिक्सिनी कोकोईस ही शहरी हवा बऱ्यापैकी सोसणारी जाती असून भारतात हवेतील धातूंच्या मोजणीसाठी ती वापरली जाते. दोन जातींचे नमुने एकत्र मिसळले, तर आकडे कितीही अचूक असले तरी ते कशाचे हे सांगता येत नाही.

नमुना सालीच्या पातळ तुकड्यासह काढून कागदी पाकिटात ठेवावा आणि त्यावर झाडाचे नाव, स्थळ व दिनांक लिहावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो बुरसतो. बंगालच्या पावसाळ्यात तर फारच लवकर.