चिकित्सालयातील संगणक व पेन ड्राइव्हचा प्रतिबंध

रुग्णपत्रके वहीतून संगणकात गेली, तेव्हा त्यांच्या रक्षणाचा भार कपाटाच्या कुलपावरून संगणकावर आला. ही गोष्ट आमच्या ध्यानी उशिरा आली. एका रुग्णाने तपासणीचे अहवाल पेन ड्राइव्हमध्ये आणले, मदतनिसाने तो सहजपणे लावला आणि दुसऱ्या दिवशी वंध्यत्व-चिकित्सेच्या सर्व फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले. मूळ फायली केवळ लपविल्या गेल्या होत्या, त्या परत मिळाल्या. परंतु त्याच वाटेने कोणी त्या नकलून नेल्या असत्या, तर आम्हांस कळलेही नसते.

अशा उपद्रवी प्रणालींच्या एका प्रकारास संगणकशास्त्रात कृमी म्हणतात, हे वैद्यास गमतीचे वाटावे. 2010 साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा कृमी पेन ड्राइव्हमधून पसरे. आंतरजालाशी न जोडलेले संगणकही त्यास वर्ज्य नव्हते. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींसाठी अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असे उपक्रम सांगितले आहेत. अँटिव्हायरस हे अपकर्षण होय. येथे विचार निदानपरिवर्जनाचा आहे.

विंडोज प्रणालीत रेजिस्ट्री एडिटर उघडून एचकी लोकल मशिन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस या क्रमाने यूएसबीस्टोर या नोंदीपर्यंत जावे. तेथील 'स्टार्ट' या मूल्याचा अंक सामान्यतः 3 असतो. तो 4 केला असता पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर सुरू होत नाही. कळफलक, माऊस व प्रिंटर यांस बाधा येत नाही, कारण ही नोंद केवळ साठवण-साधनांची आहे. बदलापूर्वी रेजिस्ट्रीची प्रत अवश्य काढावी. तेथील चुकीने संगणक सुरू न होण्याचाही संभव असतो. नवा ड्रायव्हर बसताना हा अंक कधी पुन्हा 3 होतो, म्हणून पेन ड्राइव्ह लावून प्रत्यक्ष परीक्षा करावी.

या उपायाच्या मर्यादाही आहेत. भ्रमणध्वनी संगणकास जोडला असता तो बहुधा अन्य पद्धतीने फायली देतो-घेतो. त्यास ही नोंद अडवीत नाही. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधून सर्व काढघाल साधनांना एकत्र मनाई करता येते. होम आवृत्तीत ती सोय नाही. शिवाय मदतनिसाचे खाते प्रशासकाचे असेल तर सारेच व्यर्थ, कारण तो अंक तोही बदलू शकतो. त्यास साधे खाते द्यावे.

रुग्णांना मात्र परत पाठविता येत नाही. आम्ही त्यांचे अहवाल पाहण्यासाठी एक जुना संगणक वेगळा ठेवला आहे. त्यात रुग्णपत्रके नाहीत आणि तो मुख्य संगणकाशी जोडलेलाही नाही. राहता राहिली आपल्याच नोंदींची साप्ताहिक प्रत. ती बाहेरील डिस्कवर घेताना अंक 3 करावा लागतो व काम होताच पुन्हा 4. आम्ही हे दोनदा विसरलो. आता संगणकाशेजारच्या भिंतीवर चिठ्ठी लावली आहे.