पोटाच्या ऑपरेशननंतरची नळी : लागतेच का, आणि लागली तर काय करायचे?



वेळापूरच्या विहारात महिलांची आरोग्य बैठक झाली. बैठक संपल्यावर एका ताईंनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सिस्टर, माझ्या लेकीचं दोन सिझरनंतर पोट लोंबतंय. मधले स्नायू फाकलेत, कंबर धरते. ऑपरेशन करायचं ठरलंय. एक डॉक्टर म्हणतात पोटात नळी ठेवावी लागेल, दुसरे म्हणतात नळीची गरज नाही. खरं कोणाचं?"

दोघांचेही खरे असू शकते. ते कसे, हे आज समजून घेऊ. या ऑपरेशनला 'टमी टक' म्हणतात. हे पैसेवाल्या बायकांचे काम, आपल्याला काय त्याचे, असे वाटेल. पण सिझर किंवा गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशननंतर जुन्या टाक्यांच्या जागी मोठा हर्निया झालेल्या बाया आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्या ऑपरेशनातही अनेकदा पोटाची कातडी अशीच उचलावी लागते आणि नळीचा प्रश्न तिथेही येतो.

नळी कशासाठी?

टमी टकमध्ये ओटीपोटावर आडवी चीर घेतात. बेंबीच्या वरपर्यंत कातडी आणि चरबी खालच्या स्नायूंपासून मोकळी करतात. फाकलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, जादा कातडी कापून टाकतात आणि उरलेली खाली ओढून शिवतात. वरून पोट बंद दिसते, पण आत कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये मोठी पोकळी राहते. गादीची खोळ आणि कापूस शिवणीने धरलेले नसले तर दोन्ही एकमेकांवर सरकतात, तसेच इथे होते. त्या पोकळीत शरीरातले पाणी झिरपून साठते. या साठलेल्या पाण्याला डॉक्टर 'सिरोमा' म्हणतात. टमी टकनंतर सर्वात जास्त दिसणारा त्रास हाच आहे.

हे पाणी बाहेर यावे म्हणून कातडीखाली बारीक भोके असलेली नळी ठेवतात. तिच्या टोकाला दाबून चपटी केलेली बाटली किंवा रबरी फुगा असतो. तो फुलताना पाणी ओढून घेतो. आपल्याकडच्या वॉर्डात पुष्कळ ठिकाणी तिला 'रोमोवॅक' म्हणतात.

मग नळीशिवाय कसे चालते?

पोकळीच ठेवली नाही तर पाणी साठणार कुठे, असा विचार काही सर्जननी केला. ब्राझीलचे बरौदी यांनी 1998 मध्ये आणि अमेरिकेतील डॅलसचे हार्लन व टॉड पोलॉक यांनी 2000 मध्ये अशा टाक्यांची पद्धत मांडली. कातडी खाली आणताना ती आतून जागोजागी स्नायूंच्या आवरणाला टाक्यांनी बसवत जायची. आपली आई-आजी गोधडीला धावदोरा घालते ना, तसेच. चिंध्या हलत नाहीत तशी कातडीही सरकत नाही. असे टाके नीट घातले तर नळी न ठेवताही पाणी साठण्याचे प्रमाण वाढत नाही, असा अनेक सर्जनचा अनुभव आहे. मात्र या टाक्यांना ऑपरेशनात जादा वेळ लागतो आणि हात बसलेला लागतो.

म्हणून 'नळी लागते का?' याचे एकच उत्तर नाही. किती कातडी उचलली, वजन किती, हर्नियासाठी जाळी बसवली का, आतून टाके घातले का, यावर ते ठरते. नळी ठेवली म्हणजे ऑपरेशन बिघडले असे नाही आणि नळी नाही म्हणजे डॉक्टरने हयगय केली असेही नाही. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. नळी असली तरी कधी पाणी साठू शकते, आणि नळी काढल्यावरही साठू शकते. लक्ष दोन्हीकडे ठेवावे लागते.

नळी घेऊन घरी आल्यावर

आमच्या माहितीतल्या एका बाईला हर्नियाच्या ऑपरेशननंतर नळीसकट घरी सोडले. कसे सांभाळायचे ते कोणी समजावले नव्हते. दोन दिवस बाटलीत काहीच आले नाही म्हणून घरचे खूश झाले. आम्ही पाहिले तर बाटली हवेने टम्म फुगलेली होती. ओढ संपली होती आणि सगळे पाणी पोटात साठत होते. तिला परत न्यावे लागले. तो त्रास टळण्यासारखा होता. म्हणून हे पाठ करून ठेवा :

1. आधी साबणाने हात धुवा. नळीची चिमटी बंद करा. बाटलीचे झाकण उघडून पाणी मापात ओता.

2. बाटली दाबून चपटी करा आणि दाबलेली असतानाच झाकण लावा. मग चिमटी उघडा. बाटली चपटी असेल तरच नळी काम करते. फुगलेली दिसली की ती रिकामी करून पुन्हा दाबायची.

3. रोज ठरलेल्या वेळी 24 तासांचे माप वहीत लिहा. तारीख, किती मिली आणि रंग. पहिले एक-दोन दिवस पाणी लाल असते, मग गुलाबी, मग पिवळसर होत जाते.

4. बाटली नेहमी जखमेच्या खाली राहील अशी परकराला पिनने अडकवा. नळीला पीक पडू देऊ नका. डॉक्टर सांगेपर्यंत अंगावर पाणी घेऊ नका, ओल्या फडक्याने अंग पुसा.

नळी काढायची वेळ नुसते दिवस मोजून ठरत नाही. वहीतले माप पाहून ठरते. 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, आणि तेही सलग दोन दिवस, असे झाले की बहुतेक सर्जन नळी काढतात. म्हणून ती वही दाखवायला सोबत न्या. कामावर जायचे आहे, नळी टोचते, म्हणून घरी ओढून काढू नका. आत तुकडा राहू शकतो.

कधी थांबायचे नाही?

बाटली अचानक लालभडक रक्ताने भरू लागली, ताप आला, पू किंवा घाण वास आला, नळीभोवतीची कातडी लाल आणि गरम झाली, नळी निसटली, किंवा पोट हलवल्यावर पखालीसारखे पाणी डुचमळते असे वाटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. साठलेले पाणी डॉक्टर सुईने काढतात, कधी दोन-तीन वेळा काढावे लागते. घरी सुई टोचणे, हळद भरणे, लेप लावणे नको. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते. लगेच 108 ला फोन करा. वेळापूरहून सोलापूर शंभरावर किलोमीटर आहे, सकाळची वाट पाहू नका.

ऑपरेशनच्या आधी

मिश्री, तंबाखू, बिडी किमान चार आठवडे आधी बंद करा आणि जखम भरेपर्यंत बंदच ठेवा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडून ती काळी पडते. मिश्री दातालाच लावते, पोटाशी तिचा काय संबंध, असे म्हणू नका. साखर आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्या. नंतर निदान सहा आठवडे हंडा, मोळी, सिलिंडर उचलायचा नाही. घरातल्या पुरुषांनी हे आधीच मान्य करावे. पाणी भरणे हे काही फक्त बाईचे काम नाही.

खर्चाचेही पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत निव्वळ सौंदर्यासाठीचे ऑपरेशन बसत नाही. 2 जुलै 2012 रोजी ही योजना जुन्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. हर्निया असेल तर आपले ऑपरेशन योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा 155388 वर विचारा. पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि सर्जनला पाच प्रश्न विचारा. ऑपरेशन आत्ताच गरजेचे आहे का? नळी ठेवणार का? नसेल तर आतून टाके घालणार का? नळी किती मिलीवर काढणार? रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? उत्तरे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. कागदपत्रे मागितल्यावर 72 तासांत मिळाली पाहिजेत, तसा नियम 2002 पासून आहे. हे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर अशा रुग्णावर खूशच होतो.

त्या ताईंच्या लेकीला आम्ही हेच पाच प्रश्न कागदावर लिहून दिले. बाटली कशी दाबायची ते तिच्या नवऱ्याला करून दाखवले आणि त्याच्याकडूनही करून घेतले. तुमच्या घरात कोणाचे ऑपरेशन ठरले असेल तर हे पान कापून ठेवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.